पायलट युनियन आणि रोस्टरमधली बारीक अक्षरं

विमानं रद्द होतात, माणसं बॅगांवर डोकं टेकून विमानतळावर झोपतात, टीव्हीवर ‘पायलट संपावर’ अशी पट्टी फिरते, तेव्हा लोकांना पायलट युनियन आठवते. एरवी ती कुणाच्या खिजगणतीत नसते. खरं तर संप हा तिच्या कामाचा सगळ्यात लहान तुकडा आहे. अमेरिकेचंच बघा. नॉर्थवेस्टचे पायलट १९९८ मध्ये पंधरा दिवस संपावर गेले, कॉमएअरचे २००१ मध्ये ८९ दिवस, स्पिरिटचे २०१० मध्ये पाच दिवस. त्यानंतर तिथल्या मोठ्या प्रवासी कंपनीत पायलटांचा संप झालेला नाही. तरीही २०२३ मध्ये डेल्टाच्या पायलटांनी चार वर्षांत मिळून ३४ टक्के पगारवाढीचा करार पदरात पाडून घेतला. म्हणजे ताकद दुसरीकडे कुठेतरी आहे. ती कुठे आहे हे कळायला युनियनची पत्रकं वाचून उपयोग नाही, रोस्टर (कोण कधी कुठलं विमान उडवणार याचं वेळापत्रक) आणि करार वाचावे लागतात.

आधी कायद्याची चौकट. अमेरिकेत विमान कंपन्यांना १९३६ पासून रेल्वे कामगारांचाच कायदा लागू आहे, रेल्वे लेबर अ‍ॅक्ट. त्यात करार संपत नाही. ठरलेल्या तारखेनंतर तो फक्त ‘दुरुस्तीयोग्य’ होतो आणि नवा करार होईपर्यंत जुनाच चालू राहतो. दुरुस्तीची नोटीस द्यायची, थेट बोलणी करायची, जमलं नाही तर नॅशनल मीडिएशन बोर्डाकडे जायचं. मध्यस्थी किती दिवस चालवायची याला मर्यादा नाही, ते बोर्ड ठरवतं. बोर्डाने हात टेकले की लवादाचा प्रस्ताव येतो. दोघांपैकी एकानेही तो नाकारला की ३० दिवसांचा थंडावा, आणि मगच संप किंवा टाळेबंदी. तिथेही राष्ट्राध्यक्ष आपत्कालीन मंडळ नेमून आणखी ६० दिवस काढू शकतात. बोलणी दोन-तीन वर्षं रेंगाळली तर या धंद्यात कुणाला नवल वाटत नाही.

मधल्या काळात ‘नियमावर बोट ठेवून हळू काम करू’ हेही चालत नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या पायलटांनी रीनो एअरच्या खरेदीवरून झालेल्या वादात एकाच वेळी आजारपणाच्या रजा टाकल्या. कोर्टाने कामावर परतण्याचा आदेश दिला, तो नीट पाळला गेला नाही, आणि त्यांच्या युनियनला, अलाइड पायलट्स असोसिएशनला, सुमारे साडेचार कोटी डॉलरचा दंड बसला. त्यामुळे अमेरिकेतल्या युनियनचे वकील ‘आज सगळ्यांनी आजारी पडा’ असा नुसता व्हॉट्सअ‍ॅप मेसेज फिरला तरी धास्तावतात.

आता त्या गोष्टीकडे येऊ, जी बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही: सीनियॉरिटी. बहुतेक जुन्या कंपन्यांत पायलट ज्या तारखेला रुजू होतो त्यावरून त्याला एक क्रमांक मिळतो. कुठल्या शहरात बेस मिळणार, कुठलं विमान, उजवी सीट (फर्स्ट ऑफिसरची) की डावी (कॅप्टनची), दिवाळीला सुटी की स्टँडबाय, मंदी आली तर आधी कोण घरी जाणार, हे सगळं तो क्रमांक ठरवतो. महिन्याच्या रोस्टरसाठी सगळे आपापली पसंती भरतात आणि संगणक वरून खाली वाटप करत येतो. खालच्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

हा क्रमांक कंपनीबाहेर नेता येत नाही. वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला तर यादीत सगळ्यात शेवटी लागतो, आणि पगारही पहिल्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरचा. दुसऱ्या व्यवसायांत माणूस वैतागला की राजीनामा टाकून शेजारच्या कंपनीत जातो. पायलटाला ते फार महागात पडतं. म्हणून तो जात नाही, भांडतो. युनियन एवढी चिवट का, याचं अर्ध उत्तर इथे आहे.

सीनियॉरिटीवर ‘गुणवत्तेला किंमत नाही’ अशी टीका होते, आणि ती खोटी नाही. पण तिची दुसरी बाजू कॉकपिटमध्ये दिसते. खराब हवामानात ‘मी हे विमान नेणार नाही’ म्हणणाऱ्या कॅप्टनची बढती कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसते. साहेब नाराज झाला तरी क्रमांक तोच राहतो. माझ्या मते सीनियॉरिटीच्या बाजूने सुरक्षिततेचा हा एकच युक्तिवाद खरा आहे. बाकीचे सोयीचे आहेत.

याद्या एकत्र करायची वेळ आली की मात्र युनियनचाच आपसांत तमाशा होतो. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या. यादी कशी जोडायची हे लवादाकडे गेलं आणि २००७ मध्ये निकाल लागला. यूएस एअरवेजच्या जुन्या पायलटांना तो मान्य नव्हता आणि संख्येने ते जास्त होते. त्यांनी नवी युनियन काढली आणि २००८ मध्ये मतदानाने एएलपीए या आधीच्या युनियनला कंपनीतून बाहेर काढलं. दोन्हीकडचे पायलट पुढे कित्येक वर्षं वेगवेगळ्या याद्यांवर, वेगवेगळ्या करारांखाली उडत राहिले. कंपनी एक, गणवेश एक, आणि कॉकपिटं दोन जातींची.

एएलपीए म्हणजे एअर लाइन पायलट्स असोसिएशन. १९३१ मध्ये डेव्हिड बेन्की या पायलटाच्या पुढाकाराने ती उभी राहिली. त्या काळी टपालाची विमानं उडवणं हा जीव घेणारा धंदा होता आणि कंपन्या दर मैलामागचं वेतन कापत होत्या. १९३४ मध्ये नॅशनल लेबर बोर्डाचा ‘डिसिजन ८३’ आला. त्यात महिन्याला जास्तीत जास्त ८५ तास उड्डाण आणि वेतनाचं एक सूत्र होतं: मूळ पगार, अधिक ताशी दर, अधिक मैलाचा भाग. विमानं वेगवान होत चालली होती. नुसत्या ताशी दराने पायलटाचं उत्पादन वाढून पगार तिथेच राहिला असता, आणि नुसत्या मैलाच्या दराने कंपनीचं दिवाळं निघालं असतं. म्हणून दोन्हींची सांगड. पुढे हा निर्णय कायद्यातच गुंफला गेला. कामगार आणि मालकांमधलं भांडण आणि सरकारी विमान वाहतूक नियम यांची गाठ बांधली गेली ती तिथून, आणि ती अजून सुटलेली नाही.

आजही पगार मोजण्याची पद्धत विचित्र वाटेल अशीच आहे. घड्याळ साधारण विमान पार्किंगमधून हललं की सुरू होतं आणि पुन्हा पार्क झालं की थांबतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्याआधीचं ब्रीफिंग, दोन सेक्टरमधली (सेक्टर म्हणजे एक उड्डाण) तीन तासांची वाट बघणं, यातला बराच वेळ त्यात येत नाही. म्हणून करारात ‘रिग’ असतो: घरापासून लांब राहिलेल्या दर साडेतीन तासांना एक तास पगार, किंवा ड्युटीच्या दर दोन तासांना एक तास, यातलं जे जास्त ते. आकडे करारागणिक बदलतात, पण परिणाम एकच. रिग कडक असला की रोस्टर बनवणारा माणूस पायलटाला विमानतळावर उगाच बसवून ठेवत नाही, कारण बसवणं फुकट राहत नाही. थकव्याविरुद्धचे जे उपाय सरकारी नियमात सापडत नाहीत, ते असे पगाराच्या कलमात लपलेले असतात.

करारातलं कलम विमानाच्या आकारापर्यंत पोचतं, हे तर फारच थोड्यांना माहीत असतं. अमेरिकेत मोठ्या कंपन्या छोट्या मार्गांचं काम स्वस्तातल्या प्रादेशिक कंपन्यांना देतात. किती काम बाहेर द्यायचं यावर पायलटांच्या करारात ‘स्कोप’ नावाचं कलम असतं. सध्या तिथली नेहमीची मर्यादा आहे ७६ आसनं आणि कमाल वजन ८६,००० पौंड, म्हणजे सुमारे ३९ टन. एम्ब्रेअरने नव्या इंजिनांचं ई१७५-ई२ बनवलं. ते इंधन कमी पितं, पण नवी इंजिनं जड असल्यामुळे विमान या वजनात बसत नाही. ज्या बाजारासाठी ते बनवलं तिथेच ते विकता येईना आणि प्रकल्प लांबणीवर पडला. दुसरीकडे युनायटेडने सत्तर आसनांच्या सीआरजे-७०० च्या सांगाड्यात मुद्दाम पन्नासच आसनं बसवून त्याला सीआरजे-५५० केलं, कारण कराराच्या मोजणीत ५० आसनांचा खाना वेगळा होता. प्रवाशाला पाय पसरायला जागा मिळाली ती युनियनच्या कृपेने, आणि तेही कुणाच्या मनात नसताना.

कामाच्या तासांचे नियम हा या विषयातला सगळ्यात सकस भाग. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगन एअरचं ३४०७ हे विमान बफेलोजवळ कोसळलं, ५० माणसं गेली. फर्स्ट ऑफिसर सिअ‍ॅटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला ड्युटीवर आली होती. मृतांच्या नातेवाइकांनी संसदेचा पिच्छा पुरवला, एएलपीए वर्षानुवर्षं मागत असलेले थकव्याचे नियम बाहेर आले, आणि ४ जानेवारी २०१४ पासून ‘पार्ट ११७’ लागू झाला.

त्यातला तक्ता जरा जवळून बघा. दोन पायलटांच्या कॉकपिटसाठी एका ड्युटीची कमाल लांबी दोन गोष्टींवर ठरते: किती वाजता रिपोर्टिंग आणि किती सेक्टर. सकाळी ७ ते ११:५९ मध्ये रिपोर्टिंग आणि एक-दोन सेक्टर असतील तर १४ तास. पहाटे साडेपाचला रिपोर्टिंग, चार सेक्टर: १२ तास. तेच पाच सेक्टर झाले की साडेअकरा. रात्री साडेअकराला रिपोर्टिंग आणि चार सेक्टर: ९ तास. मध्यरात्री ते ३:५९ मध्ये रिपोर्टिंग असेल तर सेक्टर कितीही असोत, ९ तास. शरीराची झोपेची सर्वात खोल ओढ साधारण पहाटे दोन ते सहा असते, आणि विमानात सर्वाधिक काम उड्डाणाच्या व उतरण्याच्या मिनिटांत असतं. तक्ता या दोन गोष्टी एकत्र मोजतो. जुन्या नियमात घड्याळात किती वाजले याला काही किंमत नव्हती. दुपारचे आठ तास आणि पहाटेचे आठ तास सारखेच धरले जात.

ड्युटीपूर्वी सलग १० तास विश्रांती, त्यात ८ तास झोपेची संधी. दर १६८ तासांत ३० तास पूर्ण मोकळे. २८ दिवसांत १०० तास उड्डाण, वर्षात १०००. हे आकडे पाठ करून फार काही होत नाही, कारण बिघडतं ते सीमेवर. संध्याकाळी वादळ आलं, चौथं सेक्टर लटकलं, आणि ड्युटी बारा तासांच्या पुढे जाणार. नियम सांगतो की कॅप्टनची संमती असेल तर दोन तासांपर्यंत वाढवता येते. ३० मिनिटांहून जास्त वाढ तीस तासांच्या त्या मोठ्या विश्रांतीआधी एकदाच करता येते, आणि ती दहा दिवसांत एफएएला, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक नियामकाला, कळवावी लागते. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात रात्री नऊ वाजता क्रू शेड्यूलिंगचा फोन येतो: ‘कॅप्टन, एकच सेक्टर उरलंय, १४० माणसं बसलीत.’ आता संमती द्यायची की नाही?

इथे कायदा थांबतो आणि करार सुरू होतो. पार्ट ११७ प्रमाणे प्रत्येक सेक्टरआधी पायलटाला ‘मी उडायला तंदुरुस्त आहे’ असं लेखी द्यावं लागतं, आणि थकलेला असेल तर त्याने उडायचं नाही. पण ‘मी थकलोय’ म्हटल्यावर त्या सेक्टरचा पगार मिळणार का? तो दिवस आजारपणाच्या रजेतून कापला जाणार का? पुढच्या आठवड्यात चीफ पायलटच्या केबिनमध्ये चहाला बोलावणं येणार का? हे नियमात नसतं. चांगल्या करारात लिहिलेलं असतं की थकव्याच्या प्रत्येक कॉलचा अहवाल कंपनी आणि युनियन यांची संयुक्त समिती बघेल. रोस्टरमुळे थकवा आला असं निघालं तर पगार शाबूत. पायलट सुटीत हुंदडून थकला असं निघालं तर रजेतून वजा. अशी समिती नसेल तर थकव्याचा हक्क कपाटात राहतो. एखाद्या कंपनीत वर्षभरात थकव्याचे कॉल अगदीच कमी आले असतील, तर तिथले पायलट ताजेतवाने आहेत असा अर्थ काढायची घाई करू नये.

पार्ट ११७ मधून मालवाहू विमानं मात्र वगळली गेली. खर्च आणि फायद्याच्या गणितात मालवाहतुकीचं पारडं बसलं नाही, असं एफएएचं म्हणणं. यूपीएसच्या पायलटांची युनियन, इंडिपेंडंट पायलट्स असोसिएशन, कोर्टात गेली. खटला चालू असतानाच १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे यूपीएस १३५४ हे एअरबस ए३०० बर्मिंगहॅम, अलाबामा इथे उतरताना कोसळलं आणि दोन्ही पायलट मरण पावले. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये ते दोघे विश्रांतीच्या याच नियमांबद्दल, मालवाहू पायलटांना वगळल्याबद्दल बोलताना ऐकू येतात. तपास चालू असताना युनियन आणि कंपनी दोघांनीही जाहीर वक्तव्यं केली, तेव्हा अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने दोघांनाही तपासातून बाहेर काढलं. २०१६ मध्ये युनियन खटला हरली. वगळणूक कायम आहे.

युरोपची चौकट वेगळी. नियमावली ८३/२०१४ फेब्रुवारी २०१६ पासून लागू झाली. दिवसा एक-दोन सेक्टरला १३ तास, तिसऱ्या सेक्टरपासून दरेक सेक्टरमागे अर्धा तास कमी, आणि रात्री ११ तास. घरच्या बेसवर विश्रांती १२ तास किंवा आधीची ड्युटी जेवढी होती तेवढी, जे जास्त ते. युरोपियन कॉकपिट असोसिएशन ही १९९१ पासूनची ब्रसेल्समधली छत्रसंघटना रात्रीच्या ११ तासांऐवजी १० मागत होती आणि शास्त्रज्ञांचा कौलही १० कडेच होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये युरोपीय संसदेने ११ लाच मंजुरी दिली. एका तासासाठी एवढं कशाला, असं वाटेल. पण त्याच तासात मध्यम पल्ल्याची रात्रीची फेरी, म्हणजे जाणं आणि येणं, एका क्रूवर बसते किंवा बसत नाही.

हेच गणित भारतात २०२५ च्या डिसेंबरमध्ये सगळ्यांनी पाहिलं. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे एफडीटीएल, म्हणजे ड्युटी आणि उड्डाणाच्या तासांचे, नियम काढले: आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, ‘रात्र’ पाचऐवजी सहा वाजेपर्यंत, रात्रीत मोडणाऱ्या ड्युटीत लँडिंग सहाऐवजी दोन. कंपन्यांच्या विरोधाने ते लांबले, पायलट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात होत्या, आणि शेवटी १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. दोन लँडिंगचा अर्थ काय होतो ते बघा. रात्री आठ ते पहाटे अडीचपर्यंत चार सेक्टर करणारं विमान आधी एका क्रूवर चालायचं. ड्युटी मध्यरात्र ओलांडली की आता तिथे दोन क्रू लागतात. विमान तेच, तिकिटं तेवढीच, पायलट दुप्पट. ज्या कंपनीचं वेळापत्रक रात्रीवर जास्त उभं, तिला फटका जास्त. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, नियोजन चुकल्याचं कंपनीने मान्य केलं, आणि तिला फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत मिळाली.

त्या गदारोळात ५ डिसेंबरला एक छोटं वाक्य मागे घेतलं गेलं: साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये. पायलट संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला. कलम किरकोळ दिसतं. पण पायलटाने दोन दिवसांची हक्काची रजा टाकली आणि कंपनीने तेच ४८ तास साप्ताहिक विश्रांती म्हणून मोजले, तर त्या आठवड्यात त्याला वेगळी विश्रांती द्यावीच लागत नाही. रजा खात्यातून गेली, विश्रांती कागदावर झाली, उरलेले दिवस सलग ड्युटी. नियमातला ४८ हा आकडा बदलला नाही, तरी त्यातला जीव गेला. युनियनची तांत्रिक समिती नेमकी अशी वाक्यं शोधत बसलेली असते.

समित्यांचं आणखी एक काम कुणाला दिसत नाही. अमेरिकेत एएसएपी नावाची योजना आहे. पायलटाने आपली चूक स्वतःहून, साधारण २४ तासांत कळवायची. ती तिघं बघतात: कंपनीचा एक, एफएएचा एक, युनियनचा एक. निर्णय एकमताने. दारू, अमली पदार्थ, गुन्हा, जाणूनबुजून केलेली खोटेपणाची नोंद, हे सोडून बाकी चुकांवर शिक्षा होत नाही, दुरुस्ती होते. विमानाच्या रेकॉर्डरमधला रोजचा डेटा तपासण्याच्या एफओक्यूए योजनेतही तसंच. जमिनीपासून हजार फुटांवर विमान ठरलेल्या वेगात नव्हतं, असं संगणकाने पकडलं, तर ते कुठल्या पायलटाचं हे फक्त ‘गेटकीपर’ला कळतं. हा माणूस युनियनने नेमलेला पायलट असतो. तो संध्याकाळी फोन करतो, ‘त्या दिवशी काय झालं होतं?’ एवढंच विचारतो, आणि नाव वर पाठवत नाही. मग कळतं की त्या विमानतळावर कंट्रोलर सगळ्यांनाच उशिरापर्यंत उंच ठेवतो. हाच फोन चीफ पायलटने केला असता तर उत्तर मिळालं असतं, ‘काही आठवत नाही.’

दारूच्या बाबतीतही हेच तत्त्व. १९७४ मध्ये एएलपीएने सुरू केलेली एचआयएमएस योजना: सहकारी पायलट बोलतात, निवासी उपचार, मग देखरेखीखालचं खास वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि वर्षानुवर्षं तपासणी. नोकरी जाणार असेल तर माणूस लपवतो. लपवणारा पायलट जास्त धोकादायक.

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगायलाच हवी. पायलट युनियन जेव्हा ‘सुरक्षितता’ हा शब्द उच्चारते तेव्हा खिशाकडेही एकदा बघावं. निवृत्तीचं वय हे उत्तम उदाहरण. एफएएने ६० ची मर्यादा आणली तेव्हा एएलपीएने विरोध केला. १९८० मध्ये भूमिका फिरली आणि ६० लाच पाठिंबा दिला. २००७ मध्ये पुन्हा फिरली आणि त्याच वर्षी कायद्याने ६५ झालं. आता ६७ ला विरोध आहे. माणसाचं हृदय आणि डोळे या काळात एवढे बदलले नाहीत. बदललं ते यादीतलं बहुमत: तरुण जास्त असतील तर वरचे लवकर जावेत, पेन्शन बुडाली असेल तर वरच्यांना आणखी पाच वर्षं हवीत.

१५०० तासांचा नियमही असाच. कोलगननंतर अमेरिकेत को-पायलट व्हायला सर्वसाधारण १५०० तास लागतात. लष्करातून आलेल्याला ७५०, विमानशास्त्राची चार वर्षांची पदवी असेल तर १०००. पण कोलगनच्या दोन्ही पायलटांचे तास १५०० च्या वर होते. युरोपात सुमारे २०० तासांवर माणूस उजव्या सीटवर बसतो. लहान विमानातून गोल गोल फिरून जमवलेल्या हजार तासांत बर्फाळ ढगातला स्टॉल (पंखांची उचल अचानक जाणं) कसा ओळखायचा हे शिकायला मिळतंच असं नाही. या नियमाने पायलटांचा पुरवठा आखडला आणि प्रादेशिक कंपन्यांतले पगार वर गेले, हे मात्र सगळ्यांना दिसलं. पगार वाढायलाच हवे होते, यात वाद नाही. पण मग तसं म्हणावं.

ताकदीचा अंदाज चुकला की काय होतं, त्यासाठी ऑस्ट्रेलिया १९८९. पायलटांची मागणी २९.४७ टक्के वाढीची होती. देशात सरकार आणि कामगार संघटनांमध्ये वेतनमर्यादेचा समझोता होता आणि पंतप्रधान बॉब हॉक तो मोडू द्यायला तयार नव्हते. पायलटांनी फक्त नऊ ते पाच उडायचं ठरवलं. कंपन्यांनी व्यक्तिगत खटल्यांची धमकी दिली, तेव्हा त्यातून वाचण्यासाठी सोळाशेहून अधिक पायलटांनी एकदम राजीनामे दिले. वकिली दृष्टीने चाल बरोबर वाटली असेल, पण त्याने कंपन्यांना मोकळं रान मिळालं. कर्मचारीच उरले नव्हते, मग बोलणी कुणाशी करायची? हवाई दलाची विमानं प्रवाशांना नेऊ लागली, परदेशी विमानं भाड्याने आली, आणि नव्या वैयक्तिक करारांवर हवे तेवढेच पायलट परत घेतले गेले. अनेकांना देश सोडून नोकऱ्या शोधाव्या लागल्या. सीनियॉरिटीच्या क्रमांकावर उभी असलेली ताकद राजीनाम्याच्या एका सहीने गेली.

शेवटचा मुद्दा कॉकपिटमधल्या माणसांच्या संख्येचा. १९८० च्या सुमारास एएलपीए म्हणत होती की नव्या विमानांत तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनिअर, हवाच. संपाची धमकीही दिली. रीगन यांच्या सरकारने नेमलेल्या समितीने जुलै १९८१ मध्ये निकाल दिला की दोन पायलट सुरक्षित आहेत. युनियनने तो मानला. पुढच्या विमानांनी समितीला खरं ठरवलं. त्यामुळे आज ‘लांबच्या उड्डाणात क्रूझमध्ये, म्हणजे उंचीवरच्या सरळ टप्प्यात, एकच पायलट जागा राहील, दुसरा बंकमध्ये झोपेल’ या प्रस्तावाला संघटना विरोध करतात, तेव्हा कंपन्या १९८१ ची आठवण काढतात. पण दोन्ही प्रश्न सारखे नाहीत. तिसऱ्या माणसाचं काम यंत्राने घेतलं होतं: इंधनाच्या टाक्या, हायड्रॉलिक, वीज. दुसऱ्या पायलटाचं मुख्य काम पहिल्याच्या चुका पकडणं आणि तो बेशुद्ध पडला तर ते ओळखणं. युरोपची विमानसुरक्षा यंत्रणा ईएएसए हिने २०२५ मध्ये आपला अभ्यास संपवला तेव्हा म्हटलं की सध्याच्या कॉकपिटमध्ये एवढीच सुरक्षितता राहील हे पुरेसं सिद्ध करता येत नाही. अडलं कुठे, तर अगदी साध्या ठिकाणी. एकटा पायलट झोपी गेला तर कळणार कसं, तो शौचालयात गेला तर समोर कोण, आणि बंकमधल्या गाढ झोपलेल्याला घंटा वाजवून उठवलं तर त्याचं डोकं ताळ्यावर यायला जी मिनिटं जातात, तेवढ्या वेळात विमान कोण सांभाळणार.